हातासरशी

कोथरूडमधल्या आमच्या बिल्डिंगचं आणि आमच्या नोकरीचं आयुष्य एकदमच भरलं. नव्वदच्या आगेमागे या भागात ज्या चारमजली, बिनलिफ्टच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांत फ्लॅट घेणारे सगळे तिशी-पस्तिशीतले बँकवाले, प्राध्यापक आणि पिंपरी-चिंचवडला कंपनीच्या बसने जाणारे लोक होते. आता सगळे साठी ओलांडून बसले आहेत. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे ज्या वर्षी खात्यात येतात, नेमक्या त्याच वर्षी बाथरूमच्या भिंतीला ओल येते, मोझेकच्या फरशीला तडा जातो आणि नळातून तांबूस पाणी यायला लागतं. हा योगायोग नसावा. भिंतींना बँक बॅलन्स कळतो.

त्यामुळे आमच्या गल्लीत एक ना एक घर कायम फोडलेलं असतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. भिंत फोडणाऱ्या ब्रेकरला हे कोणी वाचून दाखवलेलं दिसत नाही. आम्ही आता नुसत्या आवाजावरून सांगू शकतो. धाडधाड म्हणजे जुनी फरशी निघतेय, किर्रर्र म्हणजे वायरिंगसाठी भिंतीत झिरी मारतायत, आणि भर सकाळी अकराला पूर्ण शांतता म्हणजे मालक आणि कॉन्ट्रॅक्टर यांच्यात पैशांचं बोलणं चालू आहे.

आमचं काम मुळात फक्त बाथरूमचं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतावर आमच्यामुळे एक डाग पडला होता. त्या डागाचा आकार, रंग आणि सद्यःस्थिती काकू मला रोज जिन्यात सांगत. मी भाजी घेऊन वर चढत असे, त्या देवळात जायला उतरत असत, आणि आमच्यातलं सगळं संभाषण 'आज जरा पसरलाय' इथून सुरू होई. शेवटी वॉटरप्रूफिंग करून टाकू असं ठरलं आणि खर्चाचा अंदाज काढायची वेळ आली.

खर्चाचा अंदाज आपल्याकडे कार्यात मिळतो. आमचा एका मुंजीत मिळाला. साडू म्हणाले, "नऊत झालं आमचं. टू बीएचके, किचनसकट." साडू सहकार खात्यातून ऑडिटर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे आकड्यावर शंका घ्यायचा प्रश्नच नव्हता. पुढे कित्येक महिन्यांनी, माझे स्वतःचे पैसे संपत आल्यावर, मी त्यांना खोदून खोदून विचारलं तेव्हा हिशोब उलगडला. किचनच्या ट्रॉल्या मुलीने दिल्या होत्या म्हणून त्या धरल्या नव्हत्या. रंग 'मागच्या आर्थिक वर्षात' गेला होता. पडदे, पंखे आणि दिवे हे 'चल वस्तू' या सदरात होते. आणि फरशी मेव्हणीने भिशीच्या पैशांतून घातली होती, तो तर साडूंच्या मते खर्चच नव्हता. उरलेलं सगळं खरोखरच नऊत झालं होतं. ऑडिटरने दिलेला आकडा कधीही खोटा नसतो.

पण हे नंतरचं. मुंजीहून घरी पोचेपर्यंत आमच्याकडे तीन आकडे तयार झाले होते. मी मनात धरलेला नऊ, बायकोने मनात धरलेला बारा, आणि न्यू जर्सीतल्या मुलाला सांगायचा सात. मुलाला कमीच सांगायचा, कारण जास्त सांगितला की तो 'मी पाठवतो' म्हणतो, आणि पैसे पाठवले की पाठोपाठ मतं पाठवतो.

डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात एका पाहणीची हकिकत दिली आहे. २००२ साली अमेरिकेत स्वयंपाकघर नव्याने करून घेतलेल्या लोकांना विचारलं गेलं, की तुम्हाला किती लागतील असं वाटलं होतं आणि किती लागले. सरासरी अंदाज होता १८,६५८ डॉलरचा. प्रत्यक्षात लागले ३८,७६९. तिकडे मुंजीत भेटणारे साडू नाहीत, कच्ची बिलं नाहीत, मापं इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत घेतात, तरी दुपटीच्या वर. कानेमन आणि त्यांचे सहकारी एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ सालीच या आशावादाला नाव देऊन तो बुद्धीच्या दोषांत जमा केला होता. एवढ्या मोठ्या माणसाशी वाद घालू नये, पण मला हा दोष वाटत नाही, शिष्टाचार वाटतो. घरात काम निघायचं असेल तर पहिला आकडा लहानच लागतो. तो लहान आहे हे कॉन्ट्रॅक्टरला माहीत असतं, डिझायनरला माहीत असतं, बायकोला तर केव्हापासून. तोंडाने कोणी म्हणत नाही, इतकंच. पहिल्याच दिवशी खरा आकडा टेबलावर आला असता, तर पुणेकर आजही शहाबादी फरशीवर पाय घासत सुखाने बसले असते.

डिझायनर घ्यायची की थेट मिस्त्रीच्या हातात घर द्यायचं, यावर घरात बरेच दिवस चर्चा झाली. आपल्याकडे १९७२च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. इंटिरियर डिझायनर म्हणवून घ्यायला मात्र तशी नोंदणी लागत नाही, त्यामुळे प्रत्येक कुटुंबात एक असतेच. आमच्यात चुलतभावाची सून होती. "नात्यात कसली फी, काकू!" असं ती म्हणाली आणि बायको तिथेच सावध झाली. फी न घेणाऱ्या माणसाला काम चुकलं तर बोलता येत नाही, आणि दर दिवाळीला साडी मात्र घ्यावी लागते.

मग बाहेरच्यांकडे चौकशी सुरू झाली. फीच्या तऱ्हा तीन. काही जण घराच्या चौरस फुटावर घेतात. काही जण एकूण खर्चावर टक्केवारी लावतात, साधारण आठपासून पंधरा टक्क्यांपर्यंत. आणि काही मोठी चकचकीत दुकानं डिझाइन पूर्ण फुकट देतात. या शेवटच्या तऱ्हेने मी फार भारावलो. एसीत बसवून कॉफी दिली, पडद्यावर आमचंच घर फिरवून दाखवलं, आणि पुन्हा पुन्हा सांगितलं की डिझाइनचा एक रुपया घेणार नाही. घरी येऊन त्यांच्या कपाटाचा चौरस फुटाचा भाव आणि भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून प्लाय आणून सुताराकडून तेच कपाट करून घेतलं तर पडणारा भाव मी शेजारी शेजारी मांडला. फी कुठे आहे ते लगेच दिसलं. कपाटातच होती, वरून लॅमिनेट लावलेली.

टक्केवारीचं गणित मला आणखी अस्वस्थ करून गेलं. आमचा खर्च जितका वाढेल तितकी डिझायनरची फी वाढणार. तापाच्या डिग्रीवर पैसे घेणारा डॉक्टर मला अजून भेटायचा आहे. मी हे बोलून दाखवलं, तेव्हा समोर बसलेल्या डिझायनर मुलीने शांतपणे सांगितलं, "मग काका, ठरीव रकमेवर करू. ड्रॉइंग इतकी, साइटवर आठवड्यातून एक चक्कर, आणि काम सुरू झाल्यावर तुम्ही डिझाइन बदललंत तर त्याचे वेगळे." शेवटचं वाक्य तिने बायकोकडे बघून म्हटलं. तिथेच मला कळलं की बाई तयार आहे. तिच्या हातात लेझरचं मोजयंत्र होतं, आणि मी पुढे केलेला टेप तिने नम्रपणे बाजूला ठेवला.

त्या ठरीव रकमेवर १८ टक्के जीएसटी होता. मी सगळी नोकरी बँकेत काढली. व्हाउचरशिवाय कुणाचा चहासुद्धा मंजूर केला नाही. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी आयुष्यात पहिल्यांदा कच्च्या बिलाचा सहानुभूतीने विचार केला. सकाळी आडून आडून विचारून पाहिलं. "काका, माझी फर्म रजिस्टर्ड आहे," ती म्हणाली, आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला सेवानिवृत्तीच्या दिवशीचं भाषण आठवलं. त्यात 'सचोटी' हा शब्द बऱ्याच वेळा आला होता.

बायकोचा मुद्दा वेगळाच होता. "चित्रं काढायचे एवढे पैसे?" चित्रं आली. कॉम्प्युटरवर केलेल्या त्या थ्रीडी चित्रात आमच्या दिवाणखान्यात एक परदेशी तरुणी अनवाणी बसून कॉफी पीत होती.

"ही कोण?" बायकोने पहिला प्रश्न विचारला.

"ती नुसती स्केलसाठी आहे काकू."

त्या दिवाणखान्यात कालनिर्णय नव्हतं, पायपुसणं नव्हतं, चार्जरच्या वायरी नव्हत्या आणि औषधांचा डबाही नव्हता. थोडक्यात, आम्ही तिथे राहत नव्हतो. देवघराच्या जागी भिंतीत दीड फुटाचा एक कोनाडा होता आणि त्यात मंद दिवा.

"यात अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मावतील," बायको म्हणाली. "बाकीचे देव वेटिंग लिस्टवर ठेवायचे का?"

माळ्याबद्दल मी बोलत नाही. तांब्याचा बंब, मुलाचा पाळणा, आकाशकंदिलांचे सांगाडे आणि केव्हाच भंगारात गेलेल्या टीव्हीचं जपून ठेवलेलं खोकं यांच्यावरून ज्या वाटाघाटी झाल्या, त्यांत दोन्ही बाजूंनी भरपूर गमावलं.

तरीही या मुलीने फीचा पैसा न् पैसा कमावला, असं माझं मत आहे. फ्रिजचं दार आणि स्वयंपाकघराचं दार एकमेकांवर आपटणार हे तिने कागदावरच पकडलं. भिंत बांधून झाल्यावर मिस्त्रीने पकडलं असतं. टाइल्स घेताना दहा टक्के जास्त, आणि सगळ्या एकाच बॅचच्या घ्यायला लावल्या, कारण नंतर तोच नंबर मागवला तरी रंगाची छटा जुळत नाही. बाथरूमचा उतार जाळीकडेच आहे ना हे पाहायला तिने फरशीवर गोटी सोडली. एवढं करूनही घरात येणारा प्रत्येक पाहुणा तिच्या फीवरच चुकचुकला. प्लाय किती फुकट गेला, कापताना किती टाइल्स फुटल्या, सिमेंटच्या किती गोण्या ओल लागून दगड झाल्या, हे कोणी विचारलं नाही. फी बिचारी कागदावर वेगळ्या ओळीत असते, म्हणून सगळ्यांचा राग तिच्यावर निघतो.

सरकारंही याला अपवाद नाहीत. सिडनीचं ऑपेरा हाउस १९६३ सालात, ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये पुरं व्हायचं होतं. झालं १९७३ साली, १० कोटी २० लाखांत. त्याचा बहुतेक पैसा सरकारी लॉटरीतून उभा केला होता. मधल्या काळात तिथल्या मंत्र्याचं आणि यॉर्न उत्झन या डॅनिश वास्तुविशारदाचं बिनसलं, त्यांची फी थकली, आणि १९६६ साली ते काम सोडून गेले. पुरी झालेली इमारत त्यांनी प्रत्यक्ष कधीच पाहिली नाही. ही गोष्ट मी बायकोला रात्री जेवताना सांगितली. तिने हातातला घास ठेवला. "अहो, तिचा दुसरा हप्ता उद्याच्या उद्या भरा. ती डेन्मार्कला गेली तर ट्रॉल्या कोण बघणार?"

आता खर्च वाढतो कुठे ते सांगतो. महागड्या वस्तूंनी वाढतो असं लोकांना वाटतं. मुळीच नाही, महागडी वस्तू आपण चार दुकानं फिरून, भांडून, शेवटी घेत नाही. खर्च वाढतो तो शहाण्या सल्ल्यांनी. बाथरूम फोडून झालं त्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "काका, फोडलंच हाय तर हातासरशी पाइप बदलून घ्या." जुने पाइप गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचे. एवढ्या वर्षांत आतून गंजून त्यांची भोकं बोटाएवढी उरलेली. बदलायलाच हवे होते. ते पाइप स्वयंपाकघरात जातात, म्हणून तिथली भिंत फुटली. भिंत फुटली म्हणून टाइल्स गेल्या. टाइल्स जातायत तर खालचा कडाप्प्याचा ओटा ठेवून काय करणार? ओटा ग्रॅनाइटचा झाला, तर त्याखाली मांडणी बरी दिसेना, ट्रॉल्या आल्या. मग वर चिमणी आली. चिमणी, मायक्रोवेव्ह आणि गिझर यांचा एकत्रित भार जुन्या वायरिंगला झेपणार नाही, असं इलेक्ट्रिशियनने सांगितलं, आणि तेही खरं होतं. वायरिंगसाठी सगळ्या खोल्यांच्या भिंतींत झिऱ्या पडल्या. झिऱ्या बुजवल्यावर रंग.

खालच्या काकूंच्या छतावरच्या डागापासून निघून आम्ही आमच्या दिवाणखान्याच्या रंगापर्यंत पोचलो, आणि वाटेत एकही सल्ला मूर्खपणाचा नव्हता. प्रत्येक वेळी 'आत्ता नाही केलं तर पुन्हा फोडावं लागेल' हे कारण होतं आणि ते शंभर टक्के पटणारं होतं. एखादा तरी माणूस आपल्याला फसवतोय असं वाटलं असतं, तर मी थांबलो असतो.

शिवाय लाखांच्या वहीत हजार सुटे वाटायला लागतात. कोथिंबिरीच्या जुडीवरून मंडईत हुज्जत घालणारा मी 'पंधरा हजारांचाच तर प्रश्न आहे' हे वाक्य सहज बोलू लागलो. ड्रॉवर आपोआप हळू बंद होणाऱ्या त्या सॉफ्ट-क्लोज चॅनलचंच घ्या. 'दार हळू लाव' असं मुलाला ओरडून मी हे काम इतकी वर्षं फुकटात करून घेतलं होतं. आता त्याचे दर ड्रॉवरमागे वेगळे पैसे दिले.

प्लायवरून तर घरात शीतयुद्ध झालं. कपाटांना चालतो तो साधा कमर्शियल प्लाय, त्याला आयएस ३०३ चं मानक. पाण्याला दाद न देणारा मरीन प्लाय, तो आयएस ७१०. डिझायनरचं म्हणणं, सिंकखाली आणि ओट्याखाली मरीन लावा, बाकी ठिकाणी साधा पुरे. साडू म्हणाले, "सगळीकडे मरीन लाव. एकदाच होतं काम." साडूंचं मत हे बायकोच्या माहेरचं मत असल्यामुळे पुस्तकांच्या कपाटालाही मरीन लागला. आता १९६१सारखं पानशेत पुन्हा फुटून पाणी कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलं, तर दिवाळी अंक भिजतील, कपाट भिजणार नाही.

आणि वेळ. डिझायनरने सुरुवातीलाच एक तक्ता दिला होता. तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, फरशी, सीलिंग, सुतारकाम, रंग. रंगीत चौकोन एकाखाली एक, तिरके उतरत जाऊन तीन महिन्यांत संपलेले. त्या तक्त्यात सगळं होतं. भारत तेवढा धरला नव्हता.

आमचे सुतार राजस्थानचे. होळीला ते गावी जातातच, आणि अखातीजच्या आसपास त्यांच्या घरी कुणाचं तरी लग्न असतं. प्लंबर ओडिशाचा, केंद्रापाडा जिल्ह्यातला. तिथल्या पट्टामुंडाई भागातले प्लंबर देशभर पसरले आहेत आणि तिथे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे, हे मला त्यानेच अभिमानाने सांगितलं. सांगून तो जूनच्या मध्यावर रज सणाला निघून गेला. बाथरूमचा नळ तेव्हा भिंतीतून अर्धा बाहेर होता. सीलिंगची पोरं बंगालमधल्या मालद्याची. ती ईदला गेली. रंगारी बिहारचा, त्याची छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी. जायला आधी दोन दिवस आणि यायला नंतर त्याची मर्जी. मधे कुणाच्या तरी राज्यात निवडणूक लागते आणि मतदानाला सगळे हटकून जातात. आपणच आपल्या मतदारसंघात सुट्टी बघून लोणावळ्याला जातो, त्यामुळे तक्रार करायला तोंड नसतं.

मग उरलो आपण. पितृपक्षात नव्या कामाला हात लावायचा नाही. गणपतीत घरात धूळ नको. अधिक महिना आला, २०२३ला श्रावण आणि २०२६ला ज्येष्ठ, की वास्तुशांत पुढे. जुलैत पुट्टी वाळत नाही. रंगारी रोज येऊन भिंतीला हाताने चाचपून, मान हलवून, चहा पिऊन जातो. आणि ज्या दिवशी देशात कुठे सण नाही, निवडणूक नाही, पाऊसही नाही, त्या दिवशी सोसायटीत पाणी नसतं.

सोसायटीचा विषय निघालाच आहे. कामाला परवानगी हवी म्हणून अर्ज, हमीपत्र, अनामत रक्कम, आणि बीम-कॉलमला हात लावणार नाही अशी लेखी शपथ, इथवर सगळं योग्यच. पण सेक्रेटरींनी वेळा ठरवून दिल्या: दहा ते एक आणि चार ते सहा. मधले तीन तास पुण्यात काय होतं हे सांगायला नको. मजुरी दिवसाची, काम पाच तासांचं, त्यातला अर्धा तास राडारोड्याची पोती तीन मजले खाली उतरवण्यात. एक ते चार या वेळात ते सगळे कामगार आमच्या बेडरूममध्ये ओळीने झोपत आणि आम्ही, घराचे मालक, आवाज नको म्हणून टीव्ही बंद करून बाहेर बसत असू.

त्यातल्या त्यात एक दिवस मात्र मोठा झाला. वॉटरप्रूफिंग झाल्यावर बाथरूममध्ये पाणी तुंबवून चोवीस तास ठेवतात आणि खाली उतरतंय का पाहतात. खालच्या काकूंनी त्या परीक्षेचं पर्यवेक्षण स्वतःकडे घेतलं. स्टूल, टॉर्च आणि जपमाळ घेऊन त्या आपल्या बाथरूममध्ये बसल्या. रात्री साडेदहाला त्यांनी बेल वाजवली. आमच्या पोटात गोळा आला. "अजून काही नाही," असं सांगून त्या परत गेल्या. परीक्षा पास झाली, पण जुना डाग होताच, म्हणून हातासरशी त्यांचं छतही आम्हीच रंगवून दिलं. मग बाकीचं बाथरूम त्याच्यापुढे मळकं दिसायला लागलं. तेही.

शेवटचा टप्पा सगळीकडे सारखाच असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. कॉन्ट्रॅक्टरचे दहा टक्के आपल्याकडे राहिलेले असतात आणि आपलं दहा टक्के काम त्याच्याकडे. तो म्हणतो पैसे द्या, काम करतो. आपण म्हणतो काम कर, पैसे देतो. सुतार म्हणतो रंगाचा शेवटचा हात झाल्यावर हँडल लावेन. रंगारी म्हणतो हँडल लागल्यावर शेवटचा हात मारेन. या अवस्थेत घर महिनोन् महिने छान राहतं. लोक आत राहायला जातात, वास्तुशांत होते, जेवणावळी उठतात, आणि एका कपाटाला हँडल नसतं. ते कपाट उघडायला आमच्याकडे चमच्याचा दांडा ठेवला होता. पाहुण्यांना तो कुठला नवीन डिझाइनचा प्रकार आहे असं वाटे.

घर बघायला वरच्या मजल्यावरचे दोघं आले, तेव्हा बायकोने त्यांना ट्रॉल्या उघडून दाखवल्या, ढकलून सोडल्या, आणि चौघं मिळून त्या हळूहळू बंद होताना आम्ही पाहिल्या. वहिनींनी तो प्रश्न विचारलाच. माझी वही तेव्हा सोळा लाखांच्या पुढे गेली होती. मी तोंड उघडेपर्यंत बायको म्हणाली, "नऊच्या आत झालं सगळं." पडदे तिने धरले नव्हते. पंखे आणि दिवेही नव्हते. पाइप आणि वायरिंग हे 'मुळात करायचंच होतं' म्हणून त्यात नव्हतं. खालच्या काकूंचं बाथरूम धर्मादाय. मनातल्या मनात मी बेरीज करून पाहिली. खरोखरच नऊच्या आत बसत होतं.

पुढच्याच महिन्यात वरती ब्रेकर सुरू झाला. मिस्त्री आमचाच, नंबर बायकोनेच दिला होता. बाथरूमची तोडफोड झाली, वॉटरप्रूफिंग झालं, आणि त्यांनी पाणी तुंबवलं. मी स्टूल घेऊन बसलो नव्हतो, कारण आमच्या बाथरूमला आता जिप्समचं सीलिंग होतं, वर बघण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशात ते दिसलं. मधोमध, बशीएवढं, कडेने पिवळसर.

मी वर गेलो. वरच्या साहेबांनी दार उघडलं, माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढासाच असेल ना? वाळेल." मग मिस्त्री खाली आला. चपला बाहेर काढून आत आला, सीलिंगकडे पाहिलं, अंगठा लावला. अंगठा आत गेला.

"सीलिंग उतरवावं लागतंय काका," तो म्हणाला. "वरच्यांच्या खर्चानं करू, तुम्ही काळजी करू नका. पण उतरवलंच हाय तर हातासरशी ह्या दिव्याच्या वायरी..."

बायको तोपर्यंत आत जाऊन लॅम्पशेडचा कॅटलॉग घेऊन आली होती.